व्हॅनची किल्ली आणि डॅरेलची काडेपेटी

मी, ऑर्व्हिल स्टॅम्पर, वय चौपन्न, कोळशाच्या खाणीतला माजी वायरमन, राहणार डनलो फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. यकृत गेलं आहे, डोकं नाही. तरुणपणी वीस वर्षं मीही नशेची सुई टोचून घेत होतो. उसन्या सुईने यकृत नेलं. शाळा आठवीपर्यंत, बाकी सगळं स्वतः वाचून. यात खाडाखोड सापडणार नाही.

१. घर आणि विजेच्या कामाची हत्यारं लोरेटा मीक्सला, जी माझ्याकडे सुया घ्यायला येते. दंडावरची गळवं ती अजून नखाने फोडते. फोडू नये.

२. माझा भाऊ वेंडेल याचा पाइप पाना माझ्या पेटीत आहे, रक्त पुसून तेल लावलेला. त्याचा मुलगा डॅरेल याला पुरून आल्यावर वेंडेलने चर्चच्या पायरीवर त्याच पान्याने माझा जबडा आणि तीन दात मोडले. "सुया वाटून तूच मारलंस त्याला," म्हणाला. पाना परत द्यावा. माझी फिर्याद नाही.

३. मात्र नोंद अचूक हवी. दर मंगळवारी बंद लाकूडगिरणीमागे व्हॅन उभी करून मी नशा करणाऱ्यांना नव्या सुया द्यायचो, म्हणजे कोणी उसनी सुई वापरू नये; वापरलेल्या लाल डब्यात परत घ्यायचो. डॅरेल गेला त्याच्या आधीच्या मार्चमध्ये शेरीफच्या पोलिसांनी व्हॅनची काच फोडली, डबा रस्त्यावर उपडा केला आणि मानेवर बूट ठेवून मला उघड्या हातांनी सुया वेचायला लावल्या. त्यानंतर अकरा दिवस मी व्हॅन काढली नाही. तिसऱ्या दिवशी डॅरेल दाराशी आला. "काका, दार नको उघडू. फटीतून दोन सरकव." मी आतूनच म्हणालो, "बंद आहे, जा." नव्या सुयांची खोकी तेव्हा माझ्या पलंगाखाली होती.

तो एकच बोथट सुई काडेपेटीवर घासून, टोक काढून वापरत राहिला. घाण हृदयाच्या झडपेपर्यंत गेली. महिन्याभरात संपला.

४. ती काडेपेटी त्याच्या जॅकेटात सापडली. वेंडेलला द्यावी. काडी ओढायच्या बाजूवरचे सुईचे ओरखडे त्याने उजेडात बघावेत. मग पाना चालवावासा वाटला तर माझ्या शवपेटीवर चालवावा. झाकण पातळ लाकडाचं घ्यावं.

५. व्हॅन वेंडेलला. तीस दिवसांत किल्ली नेली नाही तर लोरेटाला. जाळायची तर खुशाल जाळावी, पण आधी एक मंगळवार बंद लाकूडगिरणीमागे उभी करावी. लाल डब्यात हात घालू नये, वापरलेल्या सुईला टोपण लावू नये. आणि कोणी आलं, तर "बंद आहे" म्हणू नये.

ऑर्व्हिल स्टॅम्पर (सही)

आमच्यासमोर सही केली:
रोस्को टॅकेट, गॅरेजवाला (सही)
इमोजीन ब्लेव्हिन्स, ग्रंथपाल (सही)

लोरेटाला वाटा असल्याने तिची साक्ष घेतली नाही. ती बाहेर उभी आहे.

डनलो फोर्क, ९ ऑक्टोबर २०२१