अनावश्यक कंस

मलांग,
रविवार, १० मे

बापाक आणि इबू यांना लेक वेनिंगचा सुंगकेम. कागदावरूनच करते आहे. या खोलीत तुमच्या पायाशी गुडघे टेकायचे म्हटलं, तर आधी नास्तितीची सायकल बाहेर काढावी लागेल.

इकडे सगळं ठीक. इबूने पाठवलेलं मिरचीचं साम्बल पोचलं. बरणीचं झाकण वाटेत सैल झालं होतं, त्यामुळे माझा एक स्वेटर आता कायमचा तिखट झाला आहे. उरलेलं साम्बल नास्तितीने संपवलं. ती माझ्याच वर्गात, माझ्याच खोलीत आणि माझ्याच ताटात असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. परवा तिने विचारलं, "तुझी आई आता कधी पाठवणार?" जसं काही तिचंच माहेर.

इबूचा निरोप मिळाला. हेडमास्तर सुवोंदो सरांना भेटायला मी कधी येते ते कळवायचं आहे, आणि शाळेच्या बाटिक गणवेशाचं कापड शिंप्याकडे पडून आहे, त्याला माझं माप हवं आहे. त्याबद्दल लिहितेच. आधी दुसरं सांगते.

तुम्ही शेजारच्या हार्जोकाकांना सांगितलंत की मुलगी कॉम्प्युटरची कसलीशी परीक्षा देते आहे. बापाक, ती परीक्षा नव्हती. जगभरातली माणसं मिळून गणितं सोडवणारं एक सॉफ्टवेअर बांधतात. कुणीही फुकट वापरावं, उघडून आत बघावं, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. पूल बांधणारे, हवामानवाले, जमीन मोजणारे, सगळे ते वापरतात. दरवर्षी ते थोडे विद्यार्थी निवडतात आणि आपल्यातल्या एखाद्या जुन्या जाणत्याच्या हाताखाली तीन महिने काम देतात. मी त्यासाठी अर्ज केला होता. मला ते फार हवं होतं. आयुष्यात मी स्वतःहून मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. बाकी सगळं मागायच्या आधी तुम्हीच आणून दिलंत.

अर्जाआधी प्रत्येकाने एखादी लहानशी दुरुस्ती करून दाखवायची असते. मी त्रिकोण घेतला. तीन बाजू दिल्या की क्षेत्रफळ काढायचं, तुम्ही आठवीला शिकवायचात तेच सूत्र. फळ्यावर ते नेहमी बरोबर येतं. पण कॉम्प्युटर ठरावीक अंकच लक्षात ठेवतो, आणि त्रिकोण सुईसारखा बारीक असला की घोळ होतो. दोन बाजू लांबलचक, तिसरी चिमुकली. चिमुकलीतून आधी लांब बाजू वजा केली, तर तिचे शेवटचे अंक त्या मोठ्या आकड्यात बुडतात आणि पुन्हा वर येत नाहीत. म्हणून आधी दोन मोठ्या एकमेकींतून वजा करायच्या आणि मग छोटीकडे वळायचं. हा क्रम कॉम्प्युटरला कळावा म्हणून कंस घालावे लागतात. बीजगणिताच्या नजरेने बघितलं तर ते कंस बिनकामाचे दिसतात. काढले तरी सूत्र तेच राहतं, उत्तर मात्र जातं.

ही युक्ती माझी नाही, जुनीच आहे. मी ती वाचली, आणि करून बघितली. दुरुस्तीबरोबर तपासणीची उदाहरणं जोडावी लागतात, म्हणजे अमुक बाजू दिल्या तर अमुक उत्तर आलं पाहिजे. मशीन ती आपोआप सोडवतं आणि एक जरी चुकलं तरी सगळ्यांदेखत लाल खूण उमटते. मी सुईसारखा एक त्रिकोण जोडला आणि पाठवून दिलं.

ते तपासायला आले हेनरिक सोलबर्ग. नॉर्वेचे, निवृत्त प्राध्यापक, वय त्र्याहत्तर. भूमितीचा सगळा भाग तेच सांभाळतात, आणि विद्यार्थी निवडताना त्यांचाच शब्द चालतो. मी त्यांना 'आदरणीय प्राध्यापक महोदय' असं लिहिलं होतं. त्यांनी कळवलं, नुसतं हेनरिक म्हण. आणि खाली एक ओळ: "हे कंस अनावश्यक आहेत. काढून टाक, सुटसुटीत दिसेल."

बापाक, मला वाटलं तुम्हीच नॉर्वेहून बोलताय. अनावश्यक कंसाला तुम्ही अर्धा गुण कापायचात. माझाही कापलाय.

नास्तिती शेजारी शेंगदाणे खात बसली होती. तिने वाचलं आणि म्हणाली, "अगं, मग सांग ना त्यांना."

"काय सांगू? तुमचं चुकतंय म्हणून?"

"हो. अगदी असंच."

"ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, नास्तिती."

"म्हणून काय त्रिकोण बदलला?"

ती सुराबायाची. तिकडची माणसं तोंडावर बोलतात, त्यांना काय जातंय. मी लिहिलं, 'आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे, मार्गदर्शनाबद्दल आभारी आहे.' आणि कंस काढले. पाठवण्याआधी माझ्या कॉम्प्युटरवर सोडवून बघितलं, तर माझा सुईसारखा त्रिकोण नापास झाला. तसंच पाठवलं असतं तर लाल खूण आली असती, आणि ती त्यांच्या सांगण्यावरून आली हे दहा जणांनी पाहिलं असतं. एवढ्या मोठ्या माणसाची अशी शोभा कशी करायची? म्हणून मी ते उदाहरणच काढून टाकलं. सगळं हिरवं झालं. त्यांनी शाबासकी दिली आणि माझी दुरुस्ती मुख्य सॉफ्टवेअरमध्ये घेतली. मला त्या दिवशी बरं वाटलं, म्हणजे आपण नीट वागलो असं वाटलं. खोटं कशाला सांगू.

(इथवर लिहून उठले होते. खाली पाण्याचा पंप बिघडला आहे, बादल्या भरून आणल्या. आता सोमवार आहे.)

तर पुढे. बोलिव्हियातल्या एका जमीन मोजणाऱ्याने तक्रार टाकली. डोंगरउतारावरचं कुणाचं तरी शेत भावाभावांत वाटायचं होतं. त्याच्या हातातल्या यंत्रात अंक कमीच मावतात. एक अरुंद पट्टी होती, आणि नवीन सॉफ्टवेअरने तिचं क्षेत्रफळ शून्य दाखवलं. त्याने लिहिलं होतं, "धाकट्या भावाला मी काय सांगू? तुझी जमीन आहे पण नाही?" चूक वेळेवर पकडली गेली, वाटणी झाली नव्हती. पण ते शून्य माझ्या कंस काढलेल्या सूत्रातून आलं होतं.

तिकडे कुणी काय केव्हा बदललं ते सगळं कायमचं दिसतं. हेनरिकनी मागे जाऊन बघितलं. माझे कंस बघितले, काढलेलं उदाहरण बघितलं. मग सगळ्यांसमोर विचारलं, "वेनिंग, तू आधी पाठवलं होतंस ते बरोबर होतं. तपासणीसुद्धा जोडली होतीस. मग काढलीस का? चूक माझी आहे हे तुला ठाऊक होतं?"

अर्जांचा निकाल अजून लागायचा होता. ठाऊक नव्हतं म्हटलं असतं तर त्यांची लाज राहिली असती, आणि मी एक अडाणी पण नम्र मुलगी ठरले असते. आपल्याकडे तेच उत्तर बरोबर आहे. मी ते लिहिलंसुद्धा. पाठवायच्या आधी नास्तितीने वाचलं आणि शेंगदाण्यांची पुडी उचलून ती बाहेर जाऊन बसली. मी ते पुसलं आणि लिहिलं, 'हो, ठाऊक होतं. तुम्ही वडील आहात. मला नाही म्हणता आलं नाही.'

उत्तर दुपारी आलं, म्हणजे त्यांच्या न्याहारीच्या वेळेला. रागावले नव्हते, तेही एक अवघडच. "माझ्या हातून दर आठवड्याला चुका होतात," त्यांनी लिहिलं. "म्हणून तर मी चारचौघांत काम करतो. तुला दिसलं आणि तू गप्प बसलीस, तर मी एकटाच उरलो की. या वर्षी मी तुझी शिफारस करू शकत नाही. पण जाऊ नकोस. माझ्या चुका काढत राहा."

निकाल मागच्या आठवड्यात लागला. माझं नाव नाही. मला वाईट वाटलं, दोन दिवस जेवण गेलं नाही, नास्तितीची चंगळ झाली. पण चूक शोधून काढायची म्हटली तर सापडत नाही, निवड त्यांनी योग्य केली. मी मात्र गेले नाही. कंस परत घातले, तो त्रिकोणही परत जोडला. त्यानंतर हेनरिकना मी तीनदा नाही म्हटलं आहे. दोनदा माझं बरोबर निघालं, एकदा त्यांचं. जगबुडी झाली नाही.

आता सुवोंदो सर.

लेबारानच्या, ईदच्या सकाळी मी तुमच्यापुढे सुंगकेमला वाकले होते. वर्षभराच्या चुकांची क्षमा मागत होते, डोकं तुमच्या मांडीवर होतं, मागे काका-काकू रांगेत उभे होते. तुम्ही माझ्या केसांवर हात ठेवलात आणि म्हणालात, "जुलैपासून सुवोंदोच्या शाळेत शिकवायला येशील ना? मी शब्द टाकलाय." बापाक, तशा अवस्थेत कुणाच्या तोंडून दुसरं काही निघेल? मी "इंग्गिह" म्हणाले, हो म्हणून मोकळी झाले. काकूंनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही गल्लीत घरोघर जेवणाचे डबे वाटलेत. तुमचा आनंद मी बघितला. इतक्या वर्षांत तुम्हाला एवढं हसताना बघितलं नव्हतं, आणि म्हणूनच तेव्हाही गप्प बसले.

माझी निवड झाली असती तर हे सोपं गेलं असतं. परदेशातल्या लोकांनी पोरीला बोलावून घेतलं, असं तुम्ही सुवोंदो सरांना ताठ मानेने सांगितलं असतंत. मी त्यावरच भिस्त ठेवून होते, की नाही म्हणायचं काम दुसरंच कुणीतरी माझ्या वतीने करेल. तसं झालं नाही. माझ्याकडे सांगायला सबब नाही. जूनमध्ये पदवी संपते, जुलैत मी रिकामीच आहे.

तरी मी शाळेत येणार नाही.

शाळा वाईट नाही, तुम्ही तिथे आयुष्य घातलंत. मला त्रिकोण कळतो तो तुमच्यामुळे कळतो. पण मला वर्गासमोर उभं राहायचं नाही, मला हे आकड्यांचं काम करायचं आहे. इथेच राहीन, शिकवण्या घेऊन भाडं भागवीन, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. तेव्हाही होईलच असं नाही. सुवोंदो सरांकडे तुमचा शब्द खाली पडेल, गल्लीत चार लोक विचारतील. ते सगळं तुम्हाला सोसावं लागेल, आणि ते माझ्यामुळे, हे मला कळतं. त्याची क्षमा मागते. बाटिकचं कापड इबूने स्वतःसाठी शिवून घ्यावं, तिला तो निळा रंग शोभेल.

रागावलात तर पत्रातच रागवा. फोन करू नका. तुमचा आवाज ऐकला की तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या तोंडून "इंग्गिह" निघतं, ते मला थांबवता येत नाही. केलातच फोन, आणि मी हो म्हणाले, तर ते खरं धरू नका. खरं हे आहे, जे इथे लिहिलं आहे.

पत्राच्या शेवटी 'आपली आज्ञाधारक' असं लिहायला तुम्हीच शिकवलंत. या खेपेला नुसतं

तुमची,
वेनिंग