चौथा फीड रीडर

टोकावडे, ता. मुरबाड
२४ नोव्हेंबर २०२५

चि. पंकज,

आशीर्वाद. लहान भावाला तो द्यावाच लागतो. घरी सगळे ठीक, भात झोडून घरात आलं. पत्राचा कोपरा फाटलेला बघून घाबरू नकोस, त्याचं पुढे सांगते. पत्ता तुझ्या ब्लॉगवरून घेतला. जगाला पुण्याचा पत्ता वाटत बसतोस, तेवढं तरी कामाला आलं.

लिहायचं कारण, मी दुकानातल्या कॉम्प्युटरसाठी फीड रीडर निवडला. साइटवर नवीन काही आलं की ते आपोआप आपल्याकडे आणून ठेवणारं सॉफ्टवेअर, तू आईला समजावत बसायचास ते. माझ्याकडे फॉर्म भरायला येणारी पोरं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन वर्षांपूर्वीच्या भरतीच्या जाहिराती घेऊन येतात आणि मुदत संपली म्हटलं की माझ्याकडेच संशयाने बघतात. म्हटलं, खऱ्या सूचना थेट येऊ देत.

पहिल्याने उघडताक्षणी ईमेल, पासवर्ड, जन्मतारीख मागितली. सोयरीक जमवायची होती की काय कोण जाणे. वर 'खास तुमच्यासाठी निवडलेलं' म्हणून कुठल्याशा नटीच्या लग्नाची बातमी. माझ्यासाठी निवडणारा हा कोण टिकोजीराव? काढून टाकला. दुसऱ्याला मराठी झेपेना, सगळी जोडाक्षरं मोडून ठेवली. तिसरा दिसायला देखणा, पण दोन ओळी दाखवून पुढचं वाचायला नेट मागायचा, आणि टोकावड्यात नेट कसं असतं ते तुला ठाऊक आहे, की तेही विसरलास? चौथा तलाठ्याच्या कपाटासारखा राखाडी आणि कुरूप. पण काही विचारत नाही, आलेलं सगळं पूर्ण उतरवून ठेवतो. तो ठेवला.

आता माझा शहाणपणा ऐक. एवढा खटाटोप झाल्यावर कळलं, की मला हव्या होत्या त्यातल्या एकाही सरकारी साइटला फीडच नाही, मग रीडरने तिथून आणायचं तरी काय. यादीत एकच नाव राहिलं. चारही सॉफ्टवेअर तपासून बघायला मी जे घातलं होतं ते. तुझा ब्लॉग.

हो, वाचते. एकेका रानभाजीवर तीन-तीन पानं खरडतोस, जशी काही ती तूच पेरलीस. आईची टोपली, मुरबाडच्या बाजारातली तिची जागा, तिची तुटकी चप्पल, सगळं जगापुढे मांडलंस तेव्हा मला लाज वाटली, आणि रागाने मी तुला घरच्या ग्रुपमधून काढलं. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

गेल्या मंगळवारी तू काहीतरी टाकलंस आणि तासाभरात पुसलंस. मी साइटवर गेले तर पान सापडत नाही म्हणाली. पण माझ्या कुरूप चौथ्याने ते आधीच उतरवून घेतलं होतं. तू पुसलेलं माझ्याकडे आहे.

त्यात तू लिहिलंयस, आई गेल्याचं तुला चौथ्या दिवशी कळलं, ढाबेवाल्या जगनने फोन केला तेव्हा. तसाच निघालास, टोकावड्याला उतरलास, माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत आलास. शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता म्हणून मी शटर उघडलं होतं. आत मी गिऱ्हाइकाला सांगत होते, "त्याला काय पडलंय? आमी मेलो काय नि जगलो काय." तू पाठ फिरवलीस आणि परतीची एसटी धरलीस.

बरोबर ऐकलंस. असंच म्हणाले होते.

आई गेल्याचं मी ग्रुपवर टाकलं होतं. सगळ्यांना एका फटक्यात कळलं असं धरून मोकळी झाले. तू त्या ग्रुपवर नव्हतास आणि तुला काढणारी मीच होते, हे माझ्या हुशार डोक्यात वर्षभर आलं नाही. वर्षभर गावाला ऐकवत राहिले, की हा पाल्यावर लिहितो आणि आईला खांदा द्यायला येत नाही. सॉफ्टवेअरला नावं ठेवणाऱ्या बाईची ही अक्कल.

काल बाईजाकाकूला सगळं सांगितलं. गावभर पोचवायला शेजारच्या या म्हातारीइतकं भरवशाचं कुणी नाही. तांदूळ निवडता निवडता ती थांबली.

"मंग त्याला कळवला कोनी व्हता गो?" एवढंच म्हणाली. हा प्रश्न वर्षभरात मला कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

तर कोपरा. माणूस गेल्याच्या पत्राचा कोपरा फाडायची आपल्याकडे पद्धत होती, म्हणजे वाचणारा आधीच सावध व्हायचा. हे पत्र तुला गेल्या वर्षीच यायला हवं होतं.

पंकज, आपली आई गेली. सोळा डिसेंबरला, दुपारी दोन वाजता, पडवीत. सकाळपासून तुझं नाव घेत होती. मी तिला म्हटलं, कळवलंय, येतोय तो. आजारपणाचंही ग्रुपवरच टाकलं होतं, त्या भरवशावर म्हटलं. तिला ते खरं वाटलं. मलाही.

वर्षश्राद्ध तिथीने शुक्रवारी, पाच डिसेंबरला आहे. शटर बंद असेल. ये.

अकरा महिने उशिरा कळवणारी,
तुझी ताई,
रविना