तू उठल्यानंतर

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तू नीट पोचलीस हे भावजींच्या मेसेजवरून कळलं. घर जसंच्या तसं आहे असंही त्यांनी कळवलंय, म्हणजे तुझ्या मागे त्यांनी कशालाच हात लावला नसणार.

तुझे फोन येऊन गेले. उचलता आले नाहीत. पत्र लिहितेय, कारण फोनवर तू माझ्या नुसत्या ‘हॅलो’वरून निदान करतेस आणि मग मला तासभर खुलासे द्यावे लागतात.

इथे सगळं ठीक. पोरीची परीक्षा तोंडावर आलीय आणि तिला नेमके आत्ता केस कापायचेत. यांनी स्वयंपाकघरातला नळ स्वतः दुरुस्त केला. आता तो धड चालू होत नाही की धड बंद होत नाही. मी काही बोलले नाही. तू असतीस तर बोलली असतीस.

योगाच्या बाईंनी तुझी आठवण काढली. म्हणाल्या, तुमच्या ताईंची बैठक काय सुरेख आहे. मी म्हटलं, हो, तिची आधीपासूनच तशी आहे.

भावजींना त्या दिवसाची गंमत सांगितलीस का? नसशील तर हा भाग त्यांना वाचून दाखव. वर्गाला एक वर्ष झालं म्हणून वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, घरच्यांनाही बोलावलं होतं. सगळं छान चाललं होतं. मग वाचनालयाच्या समितीतल्या त्या जाड्या गृहस्थांनी माईक घेतला आणि म्हणाले, आता जरा मजा करू, वज्रासनात शेवटपर्यंत कोण बसतं ते पाहू, पाहुण्यांनीही बसायचं. बाई लगेच म्हणाल्या की योगात स्पर्धा नसते. आणि मग त्यांनीच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुमडलेल्या पायांवर ताठ बसायचं, एवढंच तर होतं. शीर्षासन असतं तर कुणीतरी आवरलं असतं. बसण्याला कोण घाबरणार?

निम्मे लोक हसत हसत लवकरच उठले. मग बरेच जण कण्हत उठले. ते रिटायर झालेले बँकवाले काका डोळे मिटून बसले होते, तेही शेवटी बायकोचा हात धरून उठले. राहिलो तू आणि मी. पुढचं तुला माहीतच आहे. बक्षीस म्हणून जाड चटई मिळाली, निळी. अजून रस्त्यात भेटणारे म्हणतात, काय ओ, लोखंडाचे पाय आहेत का तुमचे? मी हसते.

उजव्या पायाला अजून थोड्या मुंग्या आहेत. जातील.

या आठवड्यात मी शाळेची बस चालवत नाही. बसचं काहीतरी काम निघालंय. त्यामुळे घरातली कपाटं आवरतेय. तुझा एक मोजा सापडला, जोडीचा दुसरा तुझ्याकडे असेल.

तुझी,
बारकी


२ मार्च

ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. यांनी तुला फोन करून सांगितलंच आहे, तेव्हा आता लपवून उपयोग नाही. मी यांच्याशी बोलणं सोडलं होतं, पण भाजी कुठली आणायची ते विचारायला आले, तेव्हा बोलावंच लागलं.

तर, मुंग्या नाहीत. मुंग्या असत्या तर बरं झालं असतं असं डॉक्टर म्हणाले. उजवं पाऊल वर उचलत नाही. खाली दाबता येतं, वर येत नाही. चालताना लोंबतं, म्हणून मी गुडघा उंच उचलून चालते, चिखलातून चालल्यासारखी, आणि पाऊल फरशीवर चापटी मारल्यासारखं पडतं. तू निघालीस त्या सकाळीही वाजत होतं. तू विचारलंस, नवीन चप्पल घेतलीस का? मी हो म्हटलं.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाला अगदी लागून एक नस जाते. हात लावलास तर ते हाड लागेल, त्यावर मांससुद्धा नाही. फार वेळ दुमडून बसलं की ती चेपते. डॉक्टरांनी सुया टोचून, वीज सोडून पाहिलं. समोरच्या पडद्यावर रेघ उसळायला हवी होती. ती सरळ गेली. मी त्या रेघेकडे पाहत होते, दुसऱ्याच कुणाची असावी तशी.

पावलाच्या वरच्या बाजूला काही कळतही नाही. परवा पोरगी ओरडली, आई, रक्त. फरशीवर न्हाणीघरापासून डाग होते. दाराची कड लागून अंगठ्याचं नख निम्मं उचकटलं होतं. मी तोवर कणीक मळून घेतली होती.

आता बसचं. बसचं काहीच काम निघालेलं नाही, ती रोज जातेय. दुसरी बाई चालवतेय.

तू गेल्यावर दोन दिवसांनी मी कामावर गेले. वाटलं, बसून चालवायचं तर आहे. सकाळची फेरी होत आली होती. मुलं बडबडत होती. बसमधल्या मावशी नेहमीप्रमाणे मागच्या मुलांना खाली बसा, खाली बसा म्हणत होत्या. शाळेच्या फाटकाशी वळले आणि ब्रेककडे पाय नेला. म्हणजे मला वाटलं नेला. पावलाचं टोक ब्रेकच्या खाली अडकलं होतं. मला ते कळलंच नाही, कारण कळण्याची सोयच राहिली नव्हती. मी दाबत होते आणि गाडी जात होती. फाटकाबाहेर आधीच्या बसमधून उतरलेली मुलं रांगेत उभी होती. मी हातब्रेक ओढला आणि गाडी खांबाकडे घातली. खांबाच्या वीतभर अलीकडे थांबली. मागच्या मुलांना मजा वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

कुणाला काही झालं नाही. हे मी पुन्हा लिहिते, कारण मी ते स्वतःलाही पुन्हापुन्हा सांगते. कुणाला काही झालं नाही.

मावशी पुढे आल्या. “काय झालं गं?”

“पाय अडकला.”

“बूट बदल बाई तो,” म्हणाल्या.

मी मुलं उतरवून घेतली, गाडी बंद केली आणि किल्ली घेऊन चालत ऑफिसात गेले. गाड्यांचे साहेब चहा पीत होते. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हटलं, मला गाडी देऊ नका. त्यांनी विचारलं, किती दिवस? मी तोवर दाराकडे वळले होते. त्यांना वाटलं मी रुसलेय.

तुला वाटेल मी थरथरत असेन, रडले असेन. तसं काहीच झालं नाही. घरी येऊन जेवले आणि झोपले. चांगली झोप लागली.

डॉक्टर म्हणतात नस हळूहळू वाढते, वर्ष लागेल, कदाचित येईल, कदाचित थोडीच येईल. पायात एक प्लास्टिकची पट्टी घालतेय, पोटरीपासून तळव्यापर्यंत. डॉक्टरांना एक गोष्ट कळत नव्हती. दोन्ही पाय सारखेच दुमडलेले, मग उजवाच का गेला? तुम्ही एका बाजूला कललेल्या होतात का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही.

योगाच्या बाई घरी येऊन गेल्या. खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, मी थांबवायला हवं होतं. मी म्हटलं, हो. त्यांना वाटलं असावं की मी नाही म्हणेन. मग आम्ही पोरीच्या परीक्षेविषयी बोललो.

तू येऊ नकोस एवढ्यात. खरंच नको.

बारकी


१९ एप्रिल

ताई,

तुझं मोठं पत्र आलं. ओट्याशी उभ्याने एकदा वाचलं, मग बसून वाचलं. यांना दाखवलं नाही.

तू लिहिलंस की तुझ्या पायाला काहीच झालं नव्हतं. पाय बधिर झाला म्हणून उठले असं सगळ्यांना सांगितलं ते खोटं, तू अजून बसू शकली असतीस. माझा चेहरा पांढरा पडलेला दिसला, घाम दिसला, आणि तुला वाटलं, आपण उठलो की ही पण उठेल, सुटेल बिचारी. म्हणून तू मुद्दाम उठलीस. आणि आता रात्रंदिवस तुला वाटतं की आधीच का नाही उठले.

ताई, ते मला तेव्हाच कळलं होतं.

तू उठताना भिंतीचा आधार घेतल्यासारखं केलंस, पण तळहात भिंतीला टेकलाच नव्हता. बधिर पायाचं माणूस असं उठत नाही. शिवाय तू हसलीस. ते हसू मला लहानपणापासून माहीत आहे. पाण्याच्या पिंपात तोंड बुडवून श्वास धरायचो, तेव्हा तू माझ्या जरासं आधी तोंड बाहेर काढायचीस आणि असंच हसायचीस. जिन्यावरून धावताना शेवटच्या वळणावर तुझी चप्पल निसटायची. दर वेळी. आई म्हणायची, बघा, बारकी जिंकली. मी नाचायचे. मोठी होत गेले तसं लक्षात आलं की मी एकदाही जिंकलेले नाही. हरलेलेही नाही. तू मला दोन्ही करू दिलं नाहीस. त्यात तुझा काही वाईट हेतू नव्हता, म्हणून तर कधी भांडताही आलं नाही.

त्या दिवशी तू माझ्या उजव्या हाताला बसली होतीस. मी मान आणि अंग तुझ्याकडे कलवून बसले होते, तू कधी हलतेस ते पाहायला. सगळा भार उजव्या पायावर. डॉक्टरांना आठवत नाही म्हटलं ते यामुळे.

पाय आधी दुखला, फार दुखला. मग हळूहळू दुखणं कमी झालं आणि मला वाटलं, आता जमलं. तेवढ्यात तू उठलीस. म्हणालीस, “ऊठ गं, झालं. जिंकलीस.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, छान, आता सावकाश उठा. मी उठले नाही. तुला आठवत असेल, माझी चेष्टा करत सगळे खाली चहाला गेले. तुला वाटलं मी मिरवतेय. तूही गेलीस. खुर्च्या उचलणारा माणूस माझ्याभोवतीच्या खुर्च्या उचलत राहिला. मी बसून होते, चांगला अर्धा तास असेन. तू दिलेल्या जिंकण्याच्या पलीकडे जाऊन बसायचं होतं मला. जिथवर तू बसूच शकली नसतीस, एवढं. मग ते कुणी दिलेलं नसतं.

नस तेव्हा गेली. त्या अर्ध्या तासात. तुझ्यासमोर बसले होते तेव्हा नाही. कुणी सांगू शकणार नाही, पण मला माहीत आहे, कारण त्याआधी पाय थोडा तरी दुखत होता आणि नंतर दुखायचा थांबला.

तेव्हा तू आधी उठली असतीस तरी हेच झालं असतं, आणि नंतर उठली असतीस तरी हेच. मी तुझ्या उठण्याची वाट पाहत होते, बसून राहायला.

हे लिहिताना काहीतरी वाटायला हवं. राग, नाहीतर लाज. पोरगी शेजारी बसून अभ्यास करतेय आणि मला विचारतेय, आई, पंखा कमी करू का? मी म्हटलं, कर. एवढंच चाललंय आतमध्ये.

बाकीचं कळवते. साहेबांनी मला ऑफिसात बसवलंय. फोन घ्यायचे आणि पालकांना सांगायचं की बस कुठवर आलीय. खिडकीतून बस बाहेर पडताना दिसते. नवी बाई वळण जरा मोठं घेते, पण चांगली चालवते. फाटकाशी फार आधीपासून वेग कमी करते. ते मला आवडतं.

व्यायाम शिकवणारी मुलगी रोज पायावर बोटं ठेवून म्हणते, वर, वर, वर. मी वर म्हणते, पाय काही म्हणत नाही. गेल्या आठवड्यात अंगठा हलला म्हणाली. पोरीनेही पाहिलं, तिचे डोळे भरून आले. मला दिसलं नाही आणि कळलंही नाही. दोघी म्हणतायत म्हणजे हलला असेल.

तू विचारलंस, येऊ का. मागच्या वेळी नको म्हटलं, कारण तुला चालून दाखवावं लागलं असतं, आणि मी ते तुझ्यासाठी बरं करून दाखवलं असतं, मग तूही बरं वाटल्यासारखं केलं असतंस.

आता ये. सकाळी ये, तेव्हा घरी मी एकटीच असते. ऑफिसला दुपारी जाते. माझं एकच मागणं आहे. बेल वाजवलीस की बाहेर थांब. यांच्याकडची किल्ली मागून आत येऊ नकोस, खिडकीतून हाक मारून ‘बस गं, मी येते’ म्हणू नकोस. मला उठायला वेळ लागतो, दारापर्यंत यायला त्याहून जास्त लागतो. लागू दे. तू उभी राहा.

दार मी उघडेन.

तुझी,
बारकी