अलास्काची रद्द झालेली बोट

प्रिय कॉरिन,

तुला कळवायचं नाही असं बाबांनी बजावलंय, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील.

त्यांचं हृदय थकलंय. अलास्काची बोटीची सहल आम्ही रद्द केली, पण सहलीच्या विमा कंपनीने भरपाई नाकारली. डॉक्टरांनी विचारलं की बाबा "ठणठणीत आहे" म्हणायचे, आणि तेच कागदावर उतरलं होतं.

काल बाबांना पुन्हा दवाखान्यात नेताना मी म्हटलं, "ऑर्विल, आज तरी खरं सांग."

"पैशांसाठी?"

"हो."

ते डॉक्टरांना म्हणाले, "जिना चढवत नाही. खुर्चीत बसूनच झोपतो. भीती वाटते."

भीतीचं मलाही माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, आता पैसे मिळतील. आज सकाळी सवयीने विचारलं, "बरं आहे ना?"

"नाही गं, मार्गी," ते म्हणाले.

तुझी दमलेली,
आई