बांधाबांधाने

बाबा,

हे तुला लिहितोय, आणि तुझ्याबरोबर त्या गोल्फच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या खांद्यावर वाहणाऱ्या सगळ्यांना. तुमची तक्रार एकच होती, आणि ती तुमच्यापैकी कुणी कधी मोठ्याने केली नाही: खेळ तुम्हाला येत होता आणि खेळायची मनाई होती. साहेबाचा बॉल कुठे पडणार हे त्याने काठी उचलायच्या आधी तुम्हाला कळायचं. खाडीवरचा वारा किती आहे हे तुम्ही गवताकडे बघून सांगायचात. आणि साहेब जिंकला की शाबासकी साहेबाला. माजिवड्याच्या पुढे खाडीकडे उतरणाऱ्या त्या जमिनीत तुझ्या बापाने मीठ पिकवलं होतं. तिच्या वरच्या अंगाची कोरडी जमीन परदेशी कंपनीने आपल्या क्लबासाठी घेतली, आणि तू आपल्याच जमिनीवर नोकर म्हणून कुंपणातल्या फटीतून आत जायला लागलास. हे मी शेकडो सभांत सांगितलं आहे. ते खरं आहे. आज जे लिहितोय ते मी एकाही सभेत सांगितलेलं नाही. सभांमुळे मी भल्या माणसांना अहो-जाहो करायला शिकलो, पण तुला घरात 'तू'च म्हणत आलो, आपल्याकडे सगळेच म्हणतात. इथेही तूच.

तू सकाळी गवत कापायचास आणि दुपारनंतर पिशवी उचलायचास. एका साहेबाने टाकून दिलेली, मुठीचं कातडं सोललेली एक लोखंडी काठी तुझ्याकडे होती. तिच्याने तू क्लबाच्या हद्दीबाहेर, मिठागराच्या बांधावर खेळायचास. मी तुला तिथे बघत बसायचो. तुझ्या मारण्यात बघण्यासारखं काही नव्हतं, हेच मला तेव्हा खुपायचं. काठी खांद्याच्या वर जायची नाही. बॉल उडायचा, पण फार नाही. पडायचा, पण जिथे तू म्हणालास तिथेच. साहेब लोक कंबर मोडेस्तोवर वळून असा फटका मारायचे की बघणाऱ्याच्या तोंडून हाय निघावी, आणि मग अर्धा तास झुडपांत बॉल शोधत फिरायचे. तुझा जोडीदार, ज्याला आम्ही सगळे काका म्हणायचो, तो म्हणायचा, "सायबाचा बॉल आणाया मुंब्र्याच्या डोंगरान जावा लागतं. आनि याचा बॉल बगा, पायतान घालून चालत जातो." तू हसायचास. मिठागरात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं तर कुणी कोंडीतून, मिठाच्या वाफ्यातून, आडवं जात नाही, मीठ मोडतं. बांधावरून वळसा घालून जायचं. तू खेळतही तसाच होतास, बांधाबांधाने.

एकदा मी तुझ्या हातातून काठी घेतली आणि सगळा जीव एकवटून फिरवली. बॉल जागचा हलला नाही. काठीने मातीचं एवढं मोठं ढेकूळ उचकटलं आणि ते तुझ्या धोतरावर येऊन पडलं. तू ते झटकलंस. मला वाटलं हसशील. पण तुझा आवाज कडक झाला. "मीठ वढतंस का चिखल?" म्हणालास. मग तू मिठाचं लाकडी फावडं आणलंस आणि मला कोंडीत उतरवलंस. फावडं वरच्यावर, अंगचं वजन न टाकता ओढलं तर मीठ पांढरं येतं. जोर लावला की तळचा चिखल वर येतो आणि सगळी रास काळी होते. "आता सांग, जोर कशाला लावतंस?" मी तेव्हा कॉलेजात होतो, ग्रंथालयातलं अर्ध्याहून जास्त कपाट वाचून काढलं होतं, आणि माझ्या बापाने मला फावडं धरायला शिकवावं याची मला लाज वाटली. हे तुला कळलं असणार. त्यानंतर तू मला काही शिकवायला गेला नाहीस.

स्वातंत्र्य आलं, साहेब एकेक करून निघून गेले, आणि त्यांच्या जागी आपले लोक आले. त्यांची पॅंट साहेबाची होती आणि शिव्या आपल्या. पण दोन-तीन वर्षांनी त्या नव्या कमिटीला काय वाटलं कोण जाणे, त्यांनी जाहीर केलं की यंदाच्या स्पर्धेत पिशवीवाल्यांनाही खेळता येईल. जो जिंकेल त्याचं नाव क्लबाच्या फळ्यावर, सोनेरी अक्षरांत. आदल्या दिवशी तू माझ्यापुढे पाटी ठेवलीस. "माजा नाव लिव." मी लिहिलं. तू अक्षरांवरून बोट फिरवत मोजलंस. आडनावाशी आल्यावर विचारलंस, "हा सगला मावंल फल्यावर?" मावेल म्हटलं. आई चुलीशी बसून म्हणाली, "मावला नाय तर आरनाव खाली लिवतील." तू किती हसलास बाबा. तुला बक्षीस नको होतं, पगारवाढ नको होती. ज्या भिंतीपाशी तू वीस वर्षं पिशव्या ठेवत आलास, त्या भिंतीवर तुला तुझं नाव हवं होतं.

तू चिंचोके घेऊन गेला होतास. डाव्या खिशात मूठभर. प्रत्येक फटक्याला एक उजव्या खिशात. बॉल एकेका भोकात घालत जायचा, आणि ज्याचे फटके सगळ्यांत कमी तो जिंकला. लिहिता येत नव्हतं, पण ज्यांना लिहिता येत होतं त्यांच्यापेक्षा तुझी मोजणी पक्की. सहाव्या भोकापाशी तू झुडपात शिरलास आणि बाहेर येताना, अजून मारलेलंही नसताना, एक चिंचोका या खिशातून त्या खिशात टाकलास. काकाने विचारलं तर म्हणालास, "पाय लागला, बॉल हालला." कुणी बघितलं नव्हतं. हा खेळच तसा आहे, पंच मागे फिरत नाही. आपली चूक आपण सांगायची. मला ते पटलं नाही. मी काकाला म्हटलं, हे काय, त्यांनी आपल्याला इतकी वर्षं फसवलं आणि आपण पायाचा धक्का मोजायचा? काका म्हणाला, "तू भाषनं कर. खेल त्याला करूं दे."

आणि तू जिंकत होतास. आठ भोकं झाली तेव्हा सगळ्यांच्या पुढे होतास, एकही फटका टाळ्या घेण्याजोगा न मारता. शेवटच्या भोकाआधी खाडीचा एक फाटा आत शिरलेला. सरळ पाण्यावरून मारलं तर पल्ला मोठा. नाहीतर उजवीकडच्या बांधावरून छोट्या छोट्या फटक्यांनी वळसा. पाचांत संपवलंस तर नाव फळ्यावर. बांधावरून तुला पाचच लागायचे, डोळे मिटूनही. कुंपणाशी आपलं सगळं गाव उभं आहे. मीच आणलंय त्यांना, आदल्या संध्याकाळी ओट्यावर उभं राहून बोललोय की उद्या आपला इतिहास लिहिला जाणार. क्लबाच्या व्हरांड्यातून एक जण ओरडतो, "अरे बांधावरूनच जाणार का हा? खेळतोय की पोस्टाची पत्रं वाटतोय?" व्हरांडा हसतो. माझं डोकं फिरतं. मी ओरडतो, "बाबा, आज बांध नको! वरून मार! दाखव त्यांना!" आणि मग सगळं गाव: वरून! वरून! तू काठी टेकवून थांबलास. गर्दीत मला शोधलंस. एवढ्या गोंगाटात तुझा आवाज मला कसा ऐकू आला माहीत नाही. "तुला पायजे?" मी मान हलवली.

तू काकाकडून एक लांब लाकडी काठी घेतलीस, जी तू कधी वापरली नव्हतीस. काठी खांद्याच्या वर गेली. तुझं सगळं अंग पिळवटलं. बॉल असा उडाला की सगळ्या गावाच्या माना वर गेल्या, आणि मग पाण्यात, पलीकडच्या काठाच्या चार हात अलीकडे, पांढरं काही उसळलं. तू चिंचोका टाकलास. मग दंडाचा दुसरा टाकलास. मग लोखंडी काठी घेऊन शांतपणे बांधाबांधाने गेलास. सात लागले. फळ्यावर दुसऱ्याचं नाव गेलं. तू त्याच्याशी हात मिळवलास आणि त्याची पिशवी उचलून आत ठेवलीस. घरी आलास तेव्हा मी काही बोलणार तर तूच म्हणालास, "पान्याला पन पायजे कंदी एकादा बॉल." आणि भात खाल्लास.

हे इथे संपलं असतं तर मी मूर्ख मुलगा ठरलो असतो, जगात मूर्ख मुलं पुष्कळ असतात. पण महिनाभरात कल्याणला गिरणी कामगारांची सभा होती. भाषण रंगत नव्हतं. माझ्या तोंडून निघालं की माझ्या बापाने खाडीपार फटका मारला, बॉल पलीकडे कोरड्यात पडला, आणि कमिटीवाल्यांनी तो पाण्यात पडला असं ठरवलं, कारण पिशवीवाल्याचं नाव त्यांना भिंतीवर नको होतं. सभा उसळली. लोक शर्म शर्म ओरडत उभे राहिले. मी ठरवून खोटं बोललो नव्हतो, पण बोलून झाल्यावर ते मागे घेतलंही नाही. दुसऱ्या सभेत ते ठरवून बोललो. पुढे पुढे त्यात तुझे अश्रू आले, तुझा थरथरता हात आला. तू कधी रडला नव्हतास. तुझा हात तर कधीच थरथरत नसे, त्याच्यावरच तुझा सगळा खेळ उभा होता.

टेंभी नाक्याच्या रविवार सकाळच्या सभेला तू न सांगता आलास. शेवटच्या रांगेच्या मागे, डोक्याला फडकं गुंडाळून उभा. मी तुला वाक्याच्या मध्यावर बघितलं. थांबता आलं असतं. थांबलो नाही, वाक्य चांगलं चाललं होतं. सभा संपल्यावर आपण दोघं पायी निघालो. मग म्हणालास, "बॉल पान्यान गेलता, पोरा."

"माहीत आहे, बाबा."

"मंग?"

मी बोलायला लागलो. अन्याय कसा खरा आहे, इतकी वर्षं तुम्हाला खेळू दिलं नाही, जमीन घेतली, फटीतून आत घेतलं, लोकांना एक चित्र लागतं, एक बॉल इकडे पडला काय नि तिकडे पडला काय. तू सगळं ऐकून घेतलंस. "त्यो खरा हाय ना? जमिनीचा, फटीचा?"

"खरंच आहे."

"मंग तोच सांग ना." थोडं चालल्यावर म्हणालास, "मी त्या मैदानान कंदी खोटा मोजला नाय. आता लोक बोलतील, हरला नि रडत बसला." मी म्हटलं, लोक तसं नाही बोलणार, लोक तुला डोक्यावर घेतील. आणि मी ती गोष्ट सांगायची थांबवली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी तू क्लबाचं काम सोडलंस. घरी सांगितलंस, पिशवी आता झेपत नाही. पिशवी झेपत नाही म्हणणारा माणूस पन्नाशी उलटल्यावर मिठागरात उतरला आणि मी, जगाला प्रश्न विचारत फिरणारा, तुला एक प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात तुझ्या पायाला जखम झाली, खाऱ्या पाण्याने चिघळली, आणि तू गेलास. दहाव्याला खाडीच्या काठी काका माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "तुला ठाव नाय ना? सेक्रेटरीनं बोलावलता त्याला. तुजी भाषनं त्याच्या कानावर गेलती. इचारला, बॉल कुठं गेला? हा बोलला, पान्यान, सायब. मंग तुजा पोर खोटा बोलतो? तर हा गप. पुना इचारला. गप. सेक्रेटरी बोलला, येवरा बोल नि अंगठा दे, पोर खोटा बोलतो म्हनून, तुजी नोकरी ऱ्हाते. तिसऱ्यांदा इचारला. तवा हा बोलला, सायब, पिशवी हितं ठेवतो. नि भायेर आला." काका उठला, हात झटकले. "खोटा त्याला बोलाया येत नव्हता, नि खरा बोलला असता तं तू मेला असतास." पुढच्या वर्षीपासून पिशवीवाल्यांना स्पर्धेत घेणं बंद झालं. तेही त्यानेच सांगितलं, जाता जाता.

आज मी तुझ्या वयाच्या पुढे निघून गेलो आहे. हे पत्र कुठे टाकू? पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं असतं असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. एक मात्र लिहून ठेवतो. दहाव्यानंतर, काकाने सगळं सांगितल्यानंतर, डोंबिवलीच्या एका सभेत मी ती गोष्ट पुन्हा सांगितली. लोक कंटाळून उठायला लागले होते. गोष्ट सुरू केली आणि ते बसले. मला बरं वाटलं, बाबा. आयुष्यभर मी लोकांना उठा म्हणत आलो, आता तुला म्हणतो. ऊठ. सेक्रेटरीच्या खोलीत तीनदा विचारूनही जे तुझ्या तोंडून निघालं नाही, ते एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल: माजा पोर खोटा बोलला.