खिळे कोण टाकतं

याडी,

घरात आपण बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच बोलायचो, पण लिहायला मला मराठीच येतं, आणि तुला तर दोन्हीतलं काहीच वाचता येत नव्हतं. म्हणजे हे पत्र लिहिण्यात तसा काही अर्थ नाही. तरी लिहितो आहे, कारण माझ्या पोरीच्या, म्हणजे तुझ्या नातीच्या, गाडीच्या ट्यूबपायी मी एक उद्योग करून बसलो, आणि तो तुझ्याशिवाय कुणाला नीट कळायचा नाही.

तू गेलीस तेव्हा ही नात जन्मलीही नव्हती. आज ती जनावरांची डॉक्टर आहे आणि दारव्हा-नेर भागातली गावं, तांडे मोटरसायकलवर फिरते. गाडी उंच आहे, तारांच्या चाकांची, डांबरीवर चालते तशी वावरातही चालते. आजकाल बऱ्याच गाड्यांत ट्यूबच नसते, पण हिच्या चाकांना स्पोक आहेत, म्हणून ट्यूब आली. आणि जिथे ट्यूब आली तिथे तुझा मुलगा संशय घेऊन हजर. वावरांमधल्या चिखलाच्या पांदणीत शिरण्याआधी पोरगी मागच्या टायरची हवा थोडी सोडते, म्हणजे टायर पसरतो आणि मातीला धरतो. परत डांबरीला लागली की नेर रस्त्यावरच्या फाट्यावर एक पंक्चरवाला बसतो, त्याच्याकडे हवा भरून घेते. या पावसाळ्यात तिच्या टायरमध्ये बाभळीचा काटा घुसला, आणि त्यानेच पंक्चर काढून दिलं. मी घरी चाक फिरवून पाहिलं, टायर खोलून ठिगळ पाहिलं, आणि माझ्या मनात आलं की या माणसाचं काही खरं नाही. का, ते विचारू नकोस. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं कामच आलेला माल तपासून घ्यायचं. पोतं उघडलं की आधी त्यात खोट काय असेल हेच मनात येतं, आणि संध्याकाळी घरी येतानाही ते डोक्यातून जात नाही.

म्हणून नवी ट्यूब आणायला मी स्वतः यवतमाळला गेलो. पोरीसाठी स्थळ पाहणंसुद्धा इतकं अवघड नसेल. एका खोक्याचं झाकण पुन्हा चिकटवल्यासारखं वाटलं, ते बाजूला सारलं. एका ट्यूबवर जाड म्हणून छापलं होतं, पण हातात घेतली तर ओझं लागेना. एकीची घडी उलगडली तर घडीच्या रेघेवर बारीक तडे. शेवटी एक भारी ट्यूब पसंत पडली. टायरवरचा नंबर आणि तिच्यावरचा नंबर जुळवला, व्हॉल्व्हच्या बुडाशी नख लावून रबर सुटतं का पाहिलं, वास घेतला, आणि दुकानदाराला म्हटलं, फुगवून पाण्यात टाक. तो वैतागला. "काका, नवी ट्यूब हाये. पान्यात कायले बुडवता?" मी म्हटलं, "नवी हाये म्हणूनच." स्पोकच्या डोक्यांवर बसवायची रबरी पट्टीही घेतली. मग त्याने टायरची कड रिमला दाबून धरणारा एक लॉक पुढे केला. म्हणाला, "हवा कमी करून चालवत असन पोरगी, तं हे लावून घ्या. टायर रिमवर सरकत नाई." त्यासाठी रिमला भोक पाडावं लागतं म्हटल्यावर मला हसूच आलं. चांगल्या गाडीच्या रिमला भोक पाडायला सांगतो, म्हणजे हा नक्की काहीतरी खपवतो आहे. मी नको म्हणालो आणि मोठ्या शहाणपणाने घरी आलो.

ट्यूब मीच बसवली. शंखजिऱ्याची पावडर लावली, टायर रिमवर चढवला, तू करायचीस तशी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूची खूण केली. शेवटी व्हॉल्व्हचा नट रिमपर्यंत खाली फिरवून पकडीने गच्च आवळला. म्हटलं, आता कुणाची टाप आहे हात लावायची.

तुझी ती खडूची खूण मी कशी विसरेन! दारव्हा-यवतमाळ रस्त्यावरच्या फाट्यावर आपलं दुकान. बा ट्रकच्या अपघातात गेला आणि तू टायर खोलायच्या त्याच्याच टॉम्या घेऊन पंक्चर काढायला बसलीस. दुकान आणि चूल यांच्यामध्ये एक पत्रा होता फक्त. भाकरीला सोल्युशनचा वास यायचा आणि मला वाटायचं सगळ्यांच्याच भाकरीला येतो. तू टायर खोलण्याआधी खूण करतेस, मग ट्यूबमधलं भोक सापडलं की ट्यूब तशीच टायरवर धरून बघतेस. भोक बाहेरच्या अंगाला असेल तर काटा, आतल्या अंगाला असेल तर स्पोक, दोन भोकं शेजारीशेजारी असतील तर ट्यूब टॉमीत चिमटली. एकदा बुडबुडा दिसताच मी "खिळा, खिळा" म्हणून ओरडलो. तू ओल्या हाताने माझ्या पाठीत धपाटा घातलास. पाहिल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही, म्हणालीस, खिळ्याचंसुद्धा नाही. टायरमधून जे निघेल ते तू गाडीवाल्याच्या तळहातावर ठेवायचीस. बाभळीचा काटा, तुरीचं धसकट, घोड्याच्या नालेचा तुकडा. "घ्या, तुमचा हाये."

तरी लोक बोलायचेच. फाट्यावर एकटी बाई, तांड्यावरची, आणि पंक्चर काढते. दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी एक जीपवाला सगळ्या सवाऱ्यांसमोर ओरडला, "खिळे तूच टाकून ठेवतं ना रस्त्यावर, बाई?" तू हातातली ट्यूब खाली ठेवली नाहीस. एवढंच म्हणालीस, "पाह्यलं का कोनी?" कुणीच पाहिलं नव्हतं, पण त्या दिवसापासून जीपा थांबेनात. थोड्या दिवसांनी तू टॉम्या पोत्यात बांधल्या आणि लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागलीस. त्या जीपवाल्याचा मला अजून राग येतो. आणि आता पुढचं ऐक.

मी बसवलेली ट्यूब पांदणीतून परतताना फाट्याच्या जरा अलीकडे फाटली. पोरीने गाडी ढकलत त्या पंक्चरवाल्याकडे नेली, त्याने नवी ट्यूब घातली. घरी येताच मी त्याची ट्यूब काढून फेकली आणि पुन्हा यवतमाळहून भारी ट्यूब आणून, पुन्हा तितकाच नट आवळून बसवली. तीही फाटली, तिथेच, आणि नवी पुन्हा त्यानेच घातली. मग मात्र माझी खात्री पटली. ट्यूब तोच विकतो, म्हणजे ट्यूब तोच फाडतो. हवा भरताना काहीतरी करत असेल. बाजाराचा दिवस होता. फाट्यावर जीपा उभ्या, टपरीवर गर्दी. मी गाडीवरून उतरलो तोच तोंड सोडत. लबाड म्हणालो. रस्त्यावर खिळे तूच टाकत असशील, असंही म्हणालो. याडी, हे शब्द माझ्या तोंडून गेले.

तो चाळिशीचा, बारीक माणूस. आधी जरा हसला. "म्या खिळे टाकतो म्हनता? मंग मह्याच सायकलचं चाक काहून बसलं हाये?" लोक हसले, पण मी हसलो नाही. मग त्याने आतून फाटलेल्या दोन्ही ट्यूबा आणून दिल्या. "साहेब, बोलाचं तं बोला. पन एकडाव पाह्यून तं घ्या." मी त्या न पाहताच पिशवीत कोंबल्या.

घरी पाहिल्या. दोन्ही एकाच जागी फाटलेल्या, व्हॉल्व्हच्या बुडाशी. ना खिळा, ना चिमटा. त्याने टायरची एकच कड उचलून नवी ट्यूब घातलेलं चाक पाहिलं, तर टायरवरची माझी खडूची खूण व्हॉल्व्हपासून चांगली वीतभर पुढे गेलेली. हवा कमी असताना टायर रिमवर सरकत होता आणि ट्यूबला सोबत ओढत होता, आणि व्हॉल्व्हला मी गच्च बांधून ठेवलं होतं. नट सैल असता तर व्हॉल्व्ह तिरपा झाला असता, पोरीला दिसला असता, तिने थांबून सरळ करून घेतला असता. मी त्याला तिरपं व्हायलाही जागा ठेवली नव्हती. पोरगी म्हणाली, "बाबा, एवढा कायले आवळला?" मी म्हटलं, कुणी सोडू नये म्हणून.

यवतमाळला जाऊन खाली मान घालून तो लॉक आणला, रिमला भोक पाडून घेतलं. मग फाट्यावर गेलो. मधला वार होता, रस्ता मोकळा. एक जीप त्याच्या समोरून न थांबता गेली. तो म्हणाला, "आता थे पुढच्या गावाले हवा भरतेत." मी म्हटलं, भाऊ, चूक माझी होती, नट मीच आवळला होता. त्याने ऐकून घेतलं, रागावलाही नाही. "मले एकट्याले सांगून का होते साहेब? तुमी सगळ्याइसमोर बोलले."

खरं होतं ते. बाजाराच्या दिवशी पुन्हा गेलो. जीपवाले टपरीवर होते. त्यांच्यात उभं राहून मी सांगितलं, मोठ्याने, की या माणसाने काही केलं नाही, ट्यूबा माझ्या हाताने फाटल्या. कुणीतरी हसलं, कुणी "असं होय" म्हणालं. एका जीपवाल्याने उठून स्टेपनी त्याच्याकडे लोटली. एवढ्यात एक म्हातारा माझ्याकडे निरखून पाहत म्हणाला, "तुमी त्या पंक्चरवाल्या बाईचे पोरगे ना? थे खिळे टाकत होती, थे?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पंक्चरवालाही. इतक्या वर्षांत हे मला कुणी तोंडावर विचारलं नव्हतं.

"टाकत नव्हती," मी म्हणालो. "येचत होती. सकायी उठून रस्त्यावरचे खिळे येचत होती. म्या मह्या डोयानं पाह्यलं."

म्हातारा "असन बाप्पा" म्हणाला आणि चहाकडे वळला. लोकांना ते पटलं असावं, कारण मी बोललो तेव्हा माझा आवाज जराही हलला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगतो. मी तुला एकदाच पाहिलं होतं, पहाटे, वळणाच्या पलीकडे, रस्त्याच्या मधोमध वाकलेली. मी लांब होतो. तुझा हात खाली गेलेला तेवढा दिसला. उचलत होतीस की ठेवत होतीस, ते मला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढे जाऊन पाहायचं धाडस मला झालं नाही.