राखी कोंबड्यांचा वारस

लिहून ठेवणार: श्रीमती पुतळाबाई काळूराम केणे, वय अंदाजे सत्तर, धंदा घरकाम व कोंबड्या, राहणार टेमघर, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे.

लिहून ठेवते की, माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे गेले, दात गेले, डाव्या डोळ्याने अंधुक दिसतं. पण कोण काय बोललं आणि कोणी काय खाल्लं ते सगळं आठवतं. मला कोणी दारू पाजलेली नाही की धाक घातलेला नाही. या घरात धाक मीच घालत आले. मला लिहिता येत नाही, म्हणून कोर्टाबाहेर बसणारे दस्तलेखक यादव कोंडू भालेराव यांना घरी बोलावलं आहे. ते माझं बोलणं शुद्ध करून लिहितात. मुलाच्या कलमात त्यांनी आपल्या मनाने "प्रेमापोटी" असा शब्द घातला होता. वाचून दाखवताना तो मी पकडला आणि खोडायला लावला.

कलम १. टेमघरचं कौलारू घर, मागचं परसू, विहीर, खुराडं आणि रस्त्याकडच्या दोन खोल्या, ज्यांत कापडाच्या लूमवर ड्युटी करणारे भाडेकरू राहतात, ही सगळी मिळकत माझ्या बापाने माझ्या नावावर केलेली आहे. तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. माझे यजमान काळूराम यांची शेती होती, ती त्यांनी गोदामवाल्यांना विकली आणि पिऊन टाकली. ते वारले तेव्हा मी रडले, कारण बायका बघत होत्या.

कलम २. मुलगा सावळाराम याला त्याच्या बापाची सायकल आणि छत्री द्यावी. दोन्ही मोडकी आहेत. तोही जन्मभर मी उघडलं तर उघडला, मी मिटलं तर मिटला, तेव्हा तक्रार करणार नाही. तो जिवंत असेपर्यंत पडवीत झोपू शकतो.

कलम ३. सावळारामची दुसरी बायको सीताबाई हिला पाटा-वरवंटा. ही बाई मी स्वतः बघून आणली. बारा वर्षं झाली, दाणे खाते, अंड्यावर बसत नाही. अशा कोंबडीचं मी काय करते ते तिला माहीत आहे. तिच्या बाबतीत पंचांनी माझा हात धरला म्हणून वाचली.

कलम ४. शेजारी केसरीनाथ याच्या कुत्र्याने माझा सगळ्यात देखणा कोंबडा फाडला. "मुक्या जनावराला काय कळतं, काकी?" असं तो तेव्हा म्हणाला. त्याला या मृत्युपत्राचा साक्षीदार केलं आहे. माझी मिळकत किती आहे ते त्याने शेवटपर्यंत नीट ऐकावं आणि चहा पिऊन हात हलवत घरी जावं.

कलम ५. आता कोंबड्यांचं. हे कलम लांब आहे, लेखकाने कंटाळा करू नये.

माझ्या सासूने देवीला बोलून ठेवलं होतं की, दर चैत्रात आपल्या घरच्या परसातला राखी कोंबडा तुला देईन. राखी म्हणजे चुलीतल्या थंड राखेचा रंग. मानेवर जरा गडद, बाकी एकसारखा. तो घरचाच हवा. विकतचा चालत नाही. सासूने मरताना माझा हात धरून हेच एक सांगितलं. नातवंडं, सून, मुलगा, कोणाचंही नाव घेतलं नाही.

म्हणून मी राखी कोंबडीवर राखी कोंबडाच सोडला. दुसरा रंग परसात ठेवला नाही. पण कोंबडी पिल्लं घेऊन उठली की तीन रंग निघायचे. निम्मी धुरकट, ती आपली. बाकीच्यांत काही काळी, काही मळकट पांढरी, अंगावर शिंतोडे उडाल्यासारखी. मी म्हटलं, रक्तात घाण आहे, उपसत राहिलं की संपेल. तेव्हा काळं आणि पांढरं पिल्लू निघालं की त्याच दिवशी मान मुरगळायची, असा नेम केला. तीस वर्षं नेम मोडला नाही. घाणही संपली नाही. यात माझी काही चूक होती असं कोणी म्हणू नये. मी कमी पडले नाही, पिल्लंच हट्टी निघाली.

मान मुरगळायचं काम मी थोरल्या सुनेला दिलं होतं. ती पार्वती, सावळारामची पहिली बायको, माहेर कोन गावचं. पहिल्या दिवशी पिल्लू हातात घेतलं आणि विहिरीपाशी जाऊन ओकली. "आई, मला न्हाय जमत," म्हणाली. मी म्हटलं, "जमंल. सगळ्यांनाच जमतं." पुढे ती पदराखाली टोपली घेऊन मागे जायची आणि रिकामी टोपली घेऊन यायची. मला वाटलं, सवय झाली.

तिला पहिली मुलगी झाली, तुळजा. दुसरी मुलगी. तिसरीही मुलगी झाली तेव्हा मी बाळंतिणीच्या खाटेपाशी उभी राहून सांगितलं, "तुझ्या खुराड्यात एकच रंग निघतो बाय. मना दुसरा पायजे." महिना भरल्यावर पंच बसवून काडीमोड केली आणि तिघी पोरींसकट तिला कोनला धाडलं. सावळाराम दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, "आत हो." तो आत झाला.

तुळजा तेव्हा आठ-नऊ वर्षांची. राखी कोंबडा काखेत धरून परसात बसली होती, सोडेना. मी तो ओढून घेतला, तिच्या मुठीत पिसं राहिली. दुसरी पोर असती तर भोकाड पसरलं असतं. ही नुसती माझ्याकडे बघत राहिली, पापणी न हलवता. त्या दिवशी मला समजलं की या घरात माझ्यासारखं कोणी जन्मलं असेल तर ही. तरी धाडली. मुलगाच हवा होता.

कलम ६. चार वर्षांमागे मर आली. कोंबड्यांच्या माना वाकड्या झाल्या आणि परसू रिकामं झालं. चैत्र तोंडावर. मी सावळारामला पडघ्याच्या बाजारात पाठवलं. तो राखी कोंबडा घेऊन आला, असा की माझ्या तीस वर्षांत तसा एकसारखा निघाला नव्हता. मी विचारलं, "कुठचा?" तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "कोनचा. तिच्याकडं सगळी राखीच निघतात, म्हणं."

मी रिक्षा करून कोनला गेले. कुंपणाबाहेर उभी राहिले. आत एक काळा कोंबडा, चार-पाच शिंतोड्याच्या पांढऱ्या कोंबड्या, आणि त्यांच्यामागे पिल्लंच पिल्लं. एकूण एक धुरकट. पार्वतीने मला बघितलं आणि आत गेली. बाहेर आली तुळजा.

"करणी केलीत तुम्ही," मी म्हटलं.

"करणी न्हाय, आजी. तू ज्यांच्या माना मुरगळायला लावत व्हतीस ना, त्यांचीच ही पैदास. आई मारत नव्हती. मामाकडं देत व्हती. काळा न् पांढरी एका जागी ठेवली की सगळी राखी व्हतात. राखीवर राखी सोडलास तर निम्मी वाया. तुला कोणी सांगितलं न्हाय?"

मला कोणी सांगायची हिंमत कशी करणार? मी तिला विचारलं, दोन पिल्लं देतेस का. तिने चार दिली, पैसे घेतले नाहीत. ती आणून मी पुन्हा राखीवर राखीच सोडला आणि उरलेल्यांच्या माना आता स्वतः मुरगळते. माझ्या परसात मला कोणी शिकवायचं नाही.

कलम ७. पण मी गेल्यावर देवीचा कोंबडा कोण देणार? सावळारामला कोंबडी आणि बदक यांतला फरक कळत नाही. सीताबाई कोंबड्यांना घाबरते. सासूने धरलेला हात मला अजून जाणवतो. मी दुसऱ्या कोणाच्या कोपाला भीत नाही, देवीच्या भिते. म्हणून ठरवलं आहे की, कलम १ मधली सगळी मिळकत, कोंबड्यांसकट, माझी नात तुळजा हिला द्यावी. तिच्याइतका हात कोणाचा नाही.

अट अशी: तुळजाने इथे येऊन राहावं आणि दर चैत्रात देवीला कोंबड्याचा मान द्यावा. तिची आई पार्वती हिने या घराचा उंबरा ओलांडू नये, आजारपणातही नाही, मयतालाही नाही. धाकट्या दोघींनी सणालाही येऊ नये. पार्वती हिला काहीही नाही. हे तिचं नाव घालून लिहिलं आहे, म्हणजे म्हातारी विसरली असं कोणी म्हणणार नाही.

लेखक म्हणाले, "मावशी, अट जरा सैल करा. पोर आईला सोडून येईल का?" मी म्हटलं, घर बघून कोणीही येतं. तुळजाला आज बोलावून घेतलं आहे. ती पडवीत बसली आहे, पाणीसुद्धा प्यायली नाही. ती दहावी शिकलेली आहे. तिने हे कलम स्वतः वाचून खाली स्वतःच्या हाताने "मला मान्य आहे" असं लिहावं, म्हणजे पुढे तक्रार नको.

*मला मान्य नाही. माझी आई जिथे नको, तिथे मी येणार नाही. देवीसाठी कोंबडा हवा असेल तर तुम्ही जिवंत असेपर्यंत दर चैत्रात पाठवीन. पण त्यासाठी घर नको. आमच्याकडे राखी एवढ्या निघतात की रविवारी आम्ही त्याच कापून खातो.*
*तुळजा पार्वती, कोन.*

कलम ८. पोरीने वर लिहिलेलं खोडू नये. बापाचं नाव लावलेलं नाही, तेही तसंच राहू द्यावं. कलम ७ मधलं देणं रद्द. मी गेल्यावर सुतक फिटलं की घर, परसू आणि खोल्या विकून येईल ते गावच्या देवळाला द्यावं. सावळाराम आणि सीताबाई यांनी आपली सोय बघावी. कलम २ मधली पडवीसुद्धा रद्द. परसातली सगळी पाखरं, पिल्लांसकट, त्याच दिवशी कापावीत. एकही जिवंत राहू नये. पुढच्या चैत्रात देवीला काय तोंड दाखवायचं ते ज्याचं त्याने बघावं. मी नसेन.

हे मी राजीखुशीने केलं आहे. राजी नाही, खुशी नाही, पण लेखक म्हणतात की तसंच लिहावं लागतं.

ठिकाण: टेमघर, भिवंडी. दिनांक: १७ नोव्हेंबर १९९५.

पुतळाबाई काळूराम केणे यांचा डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार:
१. केसरीनाथ नामा तरे, टेमघर. सही.
२. रामू दामू भोईर, टेमघर. सही.

लेखकाचा शेरा: लिहून ठेवणार बाईंना अक्षरओळख नसल्याने संपूर्ण मजकूर मी त्यांना साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी तो कबूल केला. नातीच्या हाताचा मजकूर त्यांनी पुन्हा वाचायला लावला. तो वाचून झाल्यावर, नात गेली का, असं विचारलं. गेल्याचं सांगितल्यावर अंगठा दिला.
यादव कोंडू भालेराव, दस्तलेखक.